पोरस आणि अलेक्झांडरचं ते जुनं काळंपांढरं चित्र: ते आलं कुठून, आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा?

‘पोरस हरला की जिंकला’ हा वाद समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा पेटतो आणि त्यासोबत एक जुनं चित्र हटकून फिरतं. घोड्यावर बसलेला अलेक्झांडर, त्याच्यापुढे जखमी पोरसाला उचलून आणणारे सैनिक, पलीकडे हत्ती, जमिनीवर पडलेली माणसं, अजून पुरती न थांबलेली झुंज. सगळं काही बारीक काळ्या रेघांनी विणल्यासारखं. एक बाजू म्हणते, ‘बघा, पोरस हरल्याचा पुरावाच आहे.’ दुसरी म्हणते, ‘युरोपियनांनी रचलेला अपप्रचार.’

दोघेही एक गोष्ट विसरतात. ज्या लढाईचं हे चित्र आहे ती इ.स.पू. 326 मध्ये झेलम नदीच्या काठी झाली. चित्र छापलं गेलं ते पॅरिसमध्ये, 1678 साली. मधे चांगली दोन हजार वर्षं गेली. त्यामुळे पोरसाचं काय झालं हे या चित्राला विचारण्याआधी एक वेगळा प्रश्न विचारायला हवा: 1678 सालच्या पॅरिसला पोरस कशासाठी हवा होता? त्याचं उत्तर मिळालं की लढाईबद्दल काय मानायचं आणि काय सोडून द्यायचं, हेही बरंच सोपं होतं.

आधी हे ‘छापचित्र’ म्हणजे काय?

हे हाताने कागदावर काढलेलं चित्र नाही. चित्रकाराने रंगवलेल्या एका प्रचंड तैलचित्रावरून दुसऱ्या कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर रेघा उठवल्या, त्या रेघांत शाई भरली आणि पत्रा ओल्या कागदावर दाबून ठसा घेतला. अशा ठशाला आपण छापचित्र म्हणू. पत्रा एक, ठसे शेकडो. कॅमेरा यायच्या आधी एखादं चित्र देशोदेशी पोहोचवायचं तर हाच मुख्य मार्ग होता.

पत्र्यावर रेघ उमटवण्याच्या दोन रीती आहेत. एकीत टोकदार पोलादी हत्याराने तांबं थेट कोरतात, ते एन्ग्रेव्हिंग. दुसरीत रेघ आम्लाकडून खाऊन घेतात, ते एचिंग. मराठीत एचिंगला अम्लरेखन असा चांगला शब्द आहे, पण छापखान्यात आणि कलाशाळेत सगळे एचिंगच म्हणतात, म्हणून इथेही तोच वापरतो.

कोरलेल्या रेघेत शाई कशी राहते, हे आपल्या स्वयंपाकघरात पाहायला मिळतं. पितळेच्या तांब्यावर आजीचं नाव कोरलेलं असतं. तांब्या पुडीने घासून कोरड्या फडक्याने पुसला की वरचा भाग लख्ख होतो, पण नावाच्या अक्षरांत पूड अडकून राहते. कितीही पुसलं तरी खाचेतली पूड सहज निघत नाही. छापणारा नेमका याच गोष्टीचा फायदा घेतो. तो पूर्ण पत्र्याला शाई फासतो, मग आधी जाळीदार कापडाने आणि शेवटी तळहाताच्या कडेने वरची शाई पुसून काढतो. खाचांतली तेवढी उरते. त्यावर ओला कागद, कागदावर लोकरीचं जाड कापड ठेवून सगळं दोन जड रुळांमधून सरकवलं की कागद खाचांत शिरतो आणि शाई उचलून घेतो. पुढच्या प्रतीसाठी पुन्हा शाई, पुन्हा पुसणं. एक ठसा म्हणजे इतकी मेहनत.

आम्ल काय करतं?

तांब्याचा पत्रा आधी आरशासारखा घासून घेतात. त्यावर मेण, राळ वगैरेंचा पातळ थर चढवतात आणि तो मेणबत्तीच्या काजळीवर धरून काळा करतात, म्हणजे काढलेली रेघ तांबूस चमकून दिसते. सुईने रेघ ओढली की तेवढाच थर निघतो आणि खालचं तांबं उघडं पडतं. मग आम्ल. झाकलेल्या भागाला ते काही करत नाही, उघड्या रेघा मात्र खात जातं. जितका वेळ जास्त, तितकी रेघ खोल, आणि छापल्यावर तितकी काळी.

खरी कसब इथे लागते. दूरच्या टेकड्या आणि आकाश फिके हवेत, म्हणून त्या रेघांना आम्ल थोडाच वेळ लागू देतात. मग त्यांच्यावर व्हार्निश लावून त्या बंद करायच्या आणि पत्रा पुन्हा आम्लात टाकायचा. मधल्या गर्दीच्या रेघा आणखी थोडा वेळ, अगदी पुढच्या पडलेल्या घोड्याच्या रेघा सर्वांत जास्त. जवळ काय आणि लांब काय, हे तिथे घड्याळ ठरवतं.

आम्लाने खाल्लेल्या रेघेच्या कडा किंचित खडबडीत असतात आणि ती हातासारखी मोकळी वळते. कोरलेली रेघ स्वच्छ, सुरुवातीला बारीक, मधे फुगलेली, शेवटी पुन्हा निमुळती होत गेलेली. आपल्या चित्रात दोन्ही आहेत. ज्याने हे पत्रे तयार केले त्या जेरार ओद्रां याची कीर्तीच त्यासाठी होती. आधी एचिंगने मोकळेपणी मांडणी करायची, मग कोरीवकामाने तिला जोर आणायचा. माणसाच्या उघड्या कातडीवर छोटे तुटक फटकारे आणि ठिपके, कवचावर सलग वळणदार रेघा, हत्तीच्या जाड चामडीवर आणखी वेगळी वीण. रंग नाही. लाल झगा आणि करडा हत्ती यांतला फरक फक्त रेघांच्या दाटीतून दाखवायचा. मला या चित्रात सर्वांत जास्त काय आवडत असेल तर हे. विषय बाजूला ठेवून एखादा हातभर तुकडा नुसता रेघांसाठी पाहावा.

हे चित्र कोणी केलं आणि कोणासाठी?

मूळ तैलचित्र शार्ल ल ब्रँ याचं. हा फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा प्रमुख दरबारी चित्रकार. 1660 च्या दशकापासून त्याने अलेक्झांडरच्या आयुष्यातले प्रसंग घेऊन मोठाली चित्रं रंगवली: ग्रॅनिकस नदी ओलांडणं, अर्बेलाची लढाई, बाबिलोनमधला प्रवेश आणि पोरस. पोरसाचं चित्र 1673 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांपुढे आलं. त्याचा आकार ऐकून थक्क व्हायला होतं. उंची सुमारे 4.7 मीटर, रुंदी साडेबारा मीटरच्या वर. एका मजल्यापेक्षा उंच, आणि लांबी एका बसइतकी. आज ते लुव्र संग्रहालयात आहे.

एवढं चित्र गुंडाळून कोणाला भेट देता येत नाही. छापचित्र देता येतं. लुईचा मंत्री कोल्बेर याने राजाच्या कीर्तीसाठी छापचित्रांची मोठी मोहीमच उघडली होती. इमारती, उत्सव, विजय, राजाच्या संग्रहातली चित्रं, सगळं तांब्यावर उतरवायचं आणि उत्तम छापून परदेशी दरबारांना, मान्यवरांना भेट द्यायचं. मूळचा लियाँचा ओद्रां रोममध्ये शिकून आला होता. त्याला बोलावून घेऊन अलेक्झांडरच्या लढाया त्याच्याकडे सोपवल्या. 1672 ते 1678 या काळात त्याने त्या तांब्यावर उतरवल्या. पोरसाचं छापचित्र एका पत्र्यात मावणारं नव्हतं, म्हणून चार पत्रे केले. चारही ठसे शेजारी जोडले की रुंदी सुमारे दीड मीटर होते.

आता 1672 आणि 1678 ही दोन सालं लुईच्या बाजूने पाहा. 1672 मध्ये त्याचं सैन्य ऱ्हाइन नदी ओलांडून डच प्रदेशात घुसलं. 1678 मध्ये नायमेखेनच्या तहाने त्या युद्धाचा शेवट होऊ लागला. नदी ओलांडून लढणारा तरुण राजा, जो जिंकल्यावर शत्रूलाही मान देतो, ही अलेक्झांडरची गोष्ट लुईच्या दरबाराला कशी नेमकी बसत होती, ते लक्षात येईल. ल ब्रँने मालिका सुरू केली तेव्हा हे युद्ध झालेलंही नव्हतं. पण अलेक्झांडर म्हणजे आपला राजा, हे समीकरण आधीपासून ठरलेलं होतं. 1665 मध्ये रासीन या नाटककाराने अलेक्झांडरवर नाटक लिहिलं, त्यातही पोरस एक मुख्य पात्र आहे, आणि ते नाटक त्याने लुईलाच अर्पण केलं.

पोरसाच्या छापचित्राखाली एक बोधवाक्य छापलं आहे. त्याचा आशय असा: सद्गुण हरला तरी मन जिंकतो. वाचताना ही पोरसाची स्तुती वाटते, आणि ती आहेच. पण जो हरलेल्याचा सद्गुण ओळखतो आणि त्याला मान देतो, त्याचीही ती स्तुती आहे. दुसरा अर्थ 1678 च्या वाचकाला सांगावा लागत नव्हता.

मग प्रत्यक्ष लढाईबद्दल काय माहीत आहे?

बऱ्यापैकी, पण सगळं एका बाजूकडून. ग्रीक आणि रोमन लेखकांनी लिहिलेलं आहे आणि तेही घटनेनंतर सुमारे तीनशे ते साडेचारशे वर्षांनी. त्यातला एरियन इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. तो स्वतः सांगतो की त्याचा भर टॉलेमी आणि अ‍ॅरिस्टोब्युलस या दोघांच्या लिखाणावर आहे. हे दोघे अलेक्झांडरसोबत मोहिमेवर होते. त्यांचे मूळ ग्रंथ हरवले. म्हणजे एरियनकडून आपल्याला जे मिळतं ते दुसऱ्या हातचं, पण चांगल्या हातचं. कर्टियस, डायोडोरस आणि प्लुटार्क हे आणखी तिघे.

त्यांच्यातून लढाईचा साधारण आकार असा दिसतो. झेलमच्या (ग्रीकांच्या भाषेत हायडास्पिसच्या) पलीकडच्या काठावर पोरस हत्ती घेऊन उभा. नदी पावसाने आणि हिमालयातल्या वितळत्या बर्फाने फुगलेली. समोरासमोर उतरणं शक्य नाही, कारण काठावर हत्ती दिसले की घोडे तराफ्यावरून पाण्यात उड्या टाकतील. म्हणून अलेक्झांडर कित्येक रात्री काठावर नुसता गोंधळ घालत राहिला. घोडदळ इकडून तिकडे, आरडाओरडा. पोरस प्रत्येक वेळी हत्ती हलवून थकला आणि शेवटी त्या गोंगाटाकडे लक्ष देईनासा झाला. मग एका वादळी रात्री, क्रेटेरस या सेनापतीला मुख्य छावणीत ठेवून, अलेक्झांडर सुमारे 25 ते 30 किलोमीटर वरच्या बाजूला गेला आणि झाडीने झाकलेल्या बेटाच्या आडोशाने नदी उतरला.

पोरसाने आपल्या मुलाला रथ देऊन अडवायला पाठवलं. रथ चिखलात रुतले, मुलगा मारला गेला. मग मुख्य लढाई. एरियन सांगतो की पोरसाने हत्ती ठरावीक अंतराने पुढे उभे केले आणि मागे पायदळ ठेवलं. डायोडोरसच्या वर्णनात ही रांग बुरुज असलेल्या तटासारखी दिसते. अलेक्झांडरने हत्तींना समोरून भिडायचं टाळलं आणि घोडदळाने बाजूवर वार केला. हत्ती कोंडीत सापडले, माहूत मारले गेले, जखमी जनावरं आपल्याच माणसांना तुडवू लागली. भारतीय धनुर्धारी मोठं धनुष्य जमिनीला टेकवून बाण सोडत. कर्टियस लिहितो की निसरड्या मातीत धनुष्य टेकेना.

चिखलाचा हा एवढा मोठा वाटा, आणि तोच चित्र पाहून कळत नाही.

चित्र आणि ग्रंथ कुठे वेगळे होतात?

पहिली गोष्ट, पोरस कसा आला? एरियन म्हणतो की उजव्या खांद्याला जखम झालेला पोरस हत्तीवरून माघारी वळला. अलेक्झांडरने आधी तक्षशिलेचा राजा आंभी याला निरोप घेऊन पाठवलं. आंभी हा पोरसाचा जुना वैरी. पोरसाने त्याच्यावरच भाला उगारला. एकापाठोपाठ एक माणसं पाठवून शेवटी पोरसाचा जुना मित्र गेला, तेव्हा तहानेने व्याकूळ झालेला पोरस हत्तीवरून उतरला, पाणी प्यायला आणि भेटायला आला. स्वतःच्या पायांवर. कर्टियसची गोष्ट निराळी आहे. तिथे पोरस अनेक जखमांनी जवळजवळ निपचित पडतो, हत्ती त्याचं रक्षण करतो आणि हत्ती मेल्यावर त्याला वाहनात घालून नेतात.

ल ब्रँचा उचलून आणलेला, असहाय पोरस कर्टियसच्या गोष्टीच्या कितीतरी जवळ आहे. यात नवल नाही. कर्टियसचा फ्रेंच अनुवाद 1653 मध्ये छापून आला होता आणि तो खूप वाचला गेला. शिवाय चित्राची गरजही तीच. दोन राजे समोरासमोर उभे राहिले तर दयेला जागा कुठे? एक घोड्यावर आणि एक लोकांच्या हातांवर, मग नजर आपोआप वर जाते.

आपल्याकडे शाळेत शिकवलेला संवाद (‘तुला कसं वागवू?’ ‘राजाला साजेसं!’) एरियन आणि प्लुटार्क दोघांकडे आहे. कर्टियसकडे मात्र पोरस दुसरंच बोलतो. आजच्या दिवसाने भाग्य किती क्षणभंगुर असतं हे दाखवलंय, हा दिवस जो सल्ला देतो तसं कर, अशा अर्थाचं. दोन्ही वाक्यं उत्तम आहेत, पण दोन्ही एकाच वेळी बोलली गेली असणं अवघड.

कपड्यांकडे पाहा. शिरस्त्राणं, तुरे, छातीच्या आकाराची कवचं, सगळ्यावर रोमची छाप. ल ब्रँ तरुणपणी रोममध्ये शिकला होता आणि जुनी रोमन शिल्पं त्याच्यापुढे होती. प्राचीन म्हणजे रोमसारखं, हा त्या काळचा सर्वमान्य हिशेब. पंजाबातले लोक प्रत्यक्षात काय नेसत, हे कळायला त्याच्याकडे साधन नव्हतं.

आणि हत्ती? चित्र रंगवलं जात होतं त्या वर्षांत व्हर्सायच्या राजाच्या प्राणिसंग्रहात एक जिवंत हत्ती होता. पोर्तुगालच्या राजघराण्याने 1668 मध्ये दिलेली भेट. तो 1681 पर्यंत जगला. पण तो काँगोतून आलेला, म्हणजे आफ्रिकी. पोरसाचे हत्ती अर्थातच भारतीय. आफ्रिकी हत्तीचे कान मोठे, पाठ मधे खोलगट. भारतीय हत्तीचे कान लहान, पाठ फुगीर, कपाळावर दोन उंचवटे. कुठल्याही जुन्या युरोपीय चित्रात हत्ती दिसला की मी आधी कान पाहतो. चित्रकाराला जनावर कुठून माहीत झालं, याचा अंदाज तिथे येतो.

चेहऱ्यांमागे मात्र पक्का विचार आहे. ल ब्रँने 1668 मध्ये पॅरिसच्या कला अकादमीत भावना चेहऱ्यावर कशा उमटतात यावर व्याख्यान दिलं होतं. त्याच्या मते भाव सर्वांत स्पष्ट कळतात ते भुवयांत. या चित्रातले वेदना, भीती आणि आदर यांचे चेहरे पाहताना आधी भुवया पाहाव्यात.

‘पण पोरसच जिंकला असेल तर? नाहीतर अलेक्झांडरने राज्य परत का दिलं?’

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. राज्य परत दिलं, वर आणखी प्रदेश जोडून दिला, हे ग्रीक लेखकच सांगतात. पण अलेक्झांडरची ती ठरलेली पद्धत होती. तक्षशिला आंभीकडेच ठेवली. बाबिलोनमध्ये तर आधी त्याच्याविरुद्ध लढलेल्या माझियस या इराणी सरदारालाच सुभेदार नेमलं. इतक्या लांबच्या मुलखावर राज्य करायचं तर तिथला वजनदार माणूस हाताशी लागतो. शिवाय झेलमनंतर त्याचं सैन्य चिनाब आणि रावी ओलांडून बियासपर्यंत गेलं. निर्णायक पराभव झालेलं सैन्य आणखी तीन नद्या पुढे जात नाही.

ग्रीक लेखक मात्र जसेच्या तसे गिळायचे नाहीत. आकडे पाहा. पोरसाकडे हत्ती किती? एरियन 200 म्हणतो, डायोडोरस 130, कर्टियस 85. एरियनच्या हिशेबाने भारतीय बाजूची 23 हजारांवर माणसं पडली आणि मॅसिडोनियाची, म्हणजे अलेक्झांडरच्या बाजूची, जेमतेम 310. डायोडोरस मॅसिडोनियाच्या बाजूचा आकडा हजाराच्या आसपास नेतो. विजेत्यांच्या कागदांत स्वतःची हानी कमी दाखवलेली असते, हे जगभर दिसतं, इथेही असणार.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते प्लुटार्कचं एक निरीक्षण. तो लिहितो की पोरसाबरोबरच्या लढाईने मॅसिडोनियन सैन्याचा धीर खचला आणि भारतात आणखी पुढे जायला ते तयार होईना. बियासच्या काठावर सैन्याने नकार दिला आणि मोहीम तिथून वळली. पोरस हरला हे मान्य करूनही, त्या लढाईची किंमत विजेत्यांना किती मोजावी लागली हे विजेत्यांच्याच लेखकाने नोंदवलं आहे. पोरसाचा मान राखायला ‘तोच जिंकला’ असं म्हणायची गरज मला वाटत नाही.

‘भारतीय साधनं गप्प आहेत. मग सगळंच रचलेलं कशावरून नसेल?’

समकालीन भारतीय साहित्यात या लढाईचा उल्लेख नाही, हे खरं. पोरस हे नावही ग्रीक वळणाचं. मूळ नाव पुरू किंवा पौरव असावं असं अभ्यासक मानतात. पण कागदाबाहेरचा एक पुरावा आहे, आणि तो आपल्या छापचित्राशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे.

काही मोठी चांदीची नाणी सापडली आहेत, ज्यांना ‘पोरस पदकं’ म्हणतात. एक नमुना एकोणिसाव्या शतकापासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आणखी काही 1973 मध्ये इराकमध्ये, बाबिलोनच्या परिसरात मिळालेल्या साठ्यातून आली. एका बाजूला घोडेस्वार भाला घेऊन हत्तीवर मागून चाल करतोय, हत्तीवर दोन माणसं आहेत आणि त्यांतला मागचा वळून प्रतिकार करतोय. दुसऱ्या बाजूला हातात वज्र घेतलेली उभी आकृती आणि तिला मुकुट घालणारी विजयदेवता. नाव कोरलेलं नाही, पण घोडेस्वार अलेक्झांडर आणि हत्तीवरचा पोरस, असं बहुतेक अभ्यासक मानतात. अलेक्झांडरच्या हयातीत किंवा त्याच्या मृत्यूनंतर लवकरच पाडलेली ही नाणी, म्हणजे घटनेच्या सर्वांत जवळचं चित्र हेच.

आणि या चित्रात दया नाही. त्यात पाठलाग आहे, भाला आहे, आणि हत्तीवरून मागे वळून लढणारा माणूस आहे. ज्यांनी ही लढाई जवळून पाहिली त्यांना नाण्यावर शौर्य हवं होतं. दोन हजार वर्षांनंतरच्या पॅरिसला औदार्य हवं होतं. विषय तोच, क्षण वेगळा निवडला.

ल ब्रँ जिथे थांबतो त्याच्या पुढेही गोष्ट आहे. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. 317 च्या सुमारास, युडेमस या मॅसिडोनियन सेनापतीने दगा करून पोरसाला मारलं आणि त्याचे हत्ती घेऊन तो पश्चिमेकडे गेला, असं डायोडोरस सांगतो. जिंकलेल्याने दाखवलेल्या त्या औदार्याची मुदत दहा वर्षांहून कमी ठरली. तो प्रसंग मात्र लुईच्या दरबारात कोणी रंगवून घेतला नाही.

‘घरी किंवा बाजारात असं चित्र मिळालं तर ते जुनं आहे का, कसं ओळखायचं?’

भिंग घ्या. रेघेऐवजी बारीक ठिपक्यांची नियमित जाळी दिसली तर ती आधुनिक छपाई, जुन्या चित्राच्या फोटोवरून केलेली. तांब्यावरून घेतलेल्या ठशात रेघ सलग असते आणि शाई कागदाच्या वर किंचित उठलेली असते. उजेड तिरका पाडला की कळतं. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाब कागदात उमटलेला असतो, तोही पाहा. मात्र कागद कडेने कापला असेल तर ही खूण नाहीशी होते.

मग चित्राखालची बारीक अक्षरं वाचा. लॅटिनमध्ये नावापुढे ‘पिंक्सिट’ असेल तर तो मूळ चित्रकार, ‘स्कल्प्सिट’ असेल तर पत्रा कोरणारा, ‘एक्सकुडिट’ असेल तर छापून प्रसिद्ध करणारा. पुष्कळदा दोन-तीन नावं दिसतात आणि लोक गोंधळतात. ती एकाच कामातली वेगवेगळी माणसं असतात. ओद्रांच्या या चित्रांच्या नकला युरोपात लगेचच इतरांनी लहान आकारात केल्या, त्यामुळे कोपऱ्यातलं नाव महत्त्वाचं.

आणखी एक खूण. ठसा नेहमी उलटा उमटतो. पत्र्यावर डावं ते कागदावर उजवं. काळजी घेणारा कारागीर आरसा वापरून पत्र्यावरच उलट चित्र काढतो. घाईतली नक्कल तशीच उतरवली जाते, आणि मग सगळं सैन्य डाव्या हाताने तलवार चालवताना दिसतं.

जुन्या पत्र्यावरून नंतर काढलेले ठसेही मिळतात. तांबं मऊ, शेकडो वेळा दाबल्यावर रेघा झिजतात आणि आकाशातल्या बारीक रेघा आधी जातात. ठसा फिका पडला की तो बहुधा उशिराचा.

‘मग हे चित्र इतिहासाच्या पुस्तकात असावं की काढून टाकावं?’

माझं मत ठाम आहे: असावं. मुलांना प्राचीन लढाईचं काहीच दिसू नये यापेक्षा सतराव्या शतकाने ती कशी पाहिली हे दिसणं कधीही चांगलं. त्रास होतो तो चित्राखाली नुसतं ‘पोरस आणि अलेक्झांडर’ असं लिहिण्याने. मग मूल ते फोटोसारखं पाहतं. मोठी माणसंही तसंच पाहतात, आणि त्यातूनच ते भांडण सुरू होतं.

ओळ थोडी लांब करावी लागेल, पण जागा तेवढी निघते. ‘झेलमच्या लढाईनंतर (इ.स.पू. 326) जखमी पोरस अलेक्झांडरपुढे. शार्ल ल ब्रँ यांच्या 1673 च्या तैलचित्रावरून जेरार ओद्रां यांनी तांब्याच्या पत्र्यावर केलेलं छापचित्र, पॅरिस, 1678.’ शेजारी, थोड्या लहान आकारात, त्या चांदीच्या नाण्याचा फोटो. आणि खाली स्वाध्यायात एक प्रश्न: दोन्ही चित्रांत पोरस काय करतो आहे?